तीन इंच निळं कापड

लातूर जिल्ह्याचं ठिकाण झालं तेव्हा शहरात दोन गोष्टींची टंचाई होती, पाण्याची आणि खुर्च्यांची. खुर्च्या लवकर आल्या. ट्रकांनी आल्या. ज्या कार्यालयाला अजून खोली मिळाली नव्हती, त्याच्याही खुर्च्या कुणाच्या तरी ओट्यावर एकावर एक रचलेल्या दिसायच्या. पाण्याचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

मी तेव्हा बांधकाम कार्यालयात ट्रेसर होतो, कागदोपत्री अनुरेखक. इंजिनिअर लोक पेन्सिलीनं नकाशा काढत, त्यावर पारदर्शक कागद ठेवून मी तो शाईनं गिरवायचा. दुसऱ्याच्या रेषेवरून आपली रेषा न हलता न्यायची, एवढंच कसब. त्या शाईच्या कागदाला ट्रेसिंग म्हणत. त्यावरून हवे तेवढे प्रिंट निघत. माझा हात चांगला होता आणि मला त्याचा गर्व होता. वय बावीस.

नव्या जिल्ह्याला कलेक्टर आला, कोर्ट आलं, मोठा दवाखाना मंजूर झाला, आणि गावाबाहेरच्या माळावर विमान उतरवायची एक पट्टीही आखली गेली. दुष्काळी कामावरची माणसं तिथं मुरूम पसरत होती आणि बाया खडी फोडत होत्या. तेवढ्यात निरोप आला की वरून कुणी मोठे पाहुणे दुष्काळ पाहायला विमानानं येणार आहेत. दुष्काळ वरून चांगला दिसतो असं त्यांना कुणी सांगितलं होतं कोण जाणे. खालून तर तो आम्हाला दिसतच होता.

आमचे साहेब पुण्याकडचे. शब्द स्वच्छ, बुश्शर्ट स्वच्छ, आणि मराठवाड्यात आपली बदली म्हणजे शिक्षा नसून देशसेवा आहे असं ते स्वतःला रोज पटवत असावेत. पट्टीचा मुरूम नीट दबला नव्हता, पाहुण्यांसाठीच्या खोलीला दार नव्हतं. साहेबांना चिंता पडली झेंड्याची. विमानतळावर नागरी विमान वाहतुकीचा वेगळा झेंडा असतो असं त्यांनी कुठं तरी वाचलं होतं. दिवाळीच्या आकाशकंदिलासारखं ते त्यांच्या मनानं घेतलं. सगळं राहिलं तरी चालेल, तेवढा टांगला पाहिजे.

झेंड्याचं चित्र कुणापाशी नव्हतं. साहेबांनी कुठून तरी एक टाइप केलेला उतारा मिळवला. त्यात वर्णन होतं. फिकट निळं मैदान, त्यावर मधोमध एक उभी आणि एक आडवी गडद निळी पट्टी, पट्ट्यांना दोन्ही अंगांनी पांढरी किनार, आणि काठीजवळच्या वरच्या कोपऱ्यात तिरंगा. मापं नव्हती. मापं साहेबांनी ठरवली. नऊ फूट लांब, सहा फूट उंच. गडद पट्टी आठ इंचांची, दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच पांढरं, म्हणजे सगळी मिळून एक फूट.

मी कागदावर आखायला घेतलं आणि दुपारपर्यंत घोळ सापडला. नवातून पट्टीचा एक फूट गेला, उरले आठ. मधोमध विभागले की चार. सहातून एक गेला, उरले पाच, विभागले की अडीच. म्हणजे प्रत्येक कोपरा चार फूट लांब आणि अडीच फूट उंच. त्यातल्या एका कोपऱ्यात तिरंगा. तिरंग्याचं माप कायद्यानं बांधलेलं, लांबी उंचीच्या दीडपट. अडीच फुटांची दीडपट म्हणजे पावणेचार. कोपरा चार फुटांचा, तिरंगा पावणेचारचा. तीन इंच उरले.

"तीन इंच?" साहेब म्हणाले. "मोज पुन्हा."

मी पुन्हा मोजलं. तीनच.

या तीन इंचांवर दोन बैठका झाल्या. माळावर बाया उन्हात खडी फोडत होत्या आणि आत पंख्याखाली पाच माणसं तीन इंच कुठं ठेवायचे याचा विचार करत होती. हेडक्लार्क म्हणाले, तिरंगा जरा ताणा. साहेब म्हणाले, राष्ट्रध्वज ताणता येत नाही, नोकरी जाईल. ओव्हरसिअर म्हणाले, मग पट्टी रुंद करा. पट्टी रुंद केली की अडीच फुटांची उंचीही बदलत होती, आणि मग पुन्हा नवेच इंच उरत होते. मी कोपऱ्यात उभा राहून हे ऐकायचो आणि मनात खूश व्हायचो, कारण हा घोळ मी शोधला होता.

तिरंगा आणायला मला नांदेडला पाठवलं. झेंड्याची खादी तिथं तयार होते हे आमच्या भागात सगळ्यांना माहीत असतं. एसटीनं गेलो. तिथल्या म्हाताऱ्या कारागिरानं माझी चिठ्ठी डोळ्यांपासून लांब धरून वाचली.

"विमानाचा झेंडा?" तो म्हणाला. "विमान तर वरून जातंय. त्याला झेंडा दिसतो का?"

"उतरल्यावर दिसतो."

"उतरल्यावर त्याला पाणी मागा म्हणावं." मग तो कामाचं बोलला. "तुमचं माप आमच्या ठरलेल्या मापांत बसत न्हाई. पण शिक्का सरकारी हाय, करून देतो. तीस इंच उंच, पंचेचाळीस इंच लांब. दहा-दहाच्या तीन पट्ट्या. चक्र दोन्ही अंगांनी छापावं लागतंय, चोवीसच्या चोवीस आरे समोरासमोर. एक आरा सरकला तर माल बाद." तिरंगा मला देताना त्यानं तो दोन्ही हातांनी दिला आणि म्हणाला, "ताणू नका बरं का. लोकं ताणतेत."

उरलेला झेंडा शिवायला कोण? बाजारातल्या शिंप्यांनी नऊ फुटांचं कापड बघून नकार दिला. लग्नसराई होती. दुष्काळातही लग्नं होतात आणि शिंप्यांना सफारी सूट शिवावे लागतात. तेव्हा माळावरचा मुकादम म्हणाला, खडी फोडायला एक बाई येते, वस्तीतल्या जयंतीचे सगळे निळे झेंडे तीच शिवते, शिलाई मशीन घरची आहे.

ती पस्तिशीची असावी. बौद्ध वस्तीत राहायची. नवरा गेलेला होता, दोन मुली होत्या. साहेबांनी तिला कार्यालयात बोलावलं तेव्हा ती दाराशीच उभी राहिली, हातावर खडीची पांढरी धूळ. साहेबांनी तीन इंचांचं दुःख तिलाही सांगितलं, कारण तोवर ते सगळ्यांनाच सांगत होते. तिनं टेबलावरची माझी पेन्सिलीची आकृती दुरून पाहिली.

"काठीत जी दोरी घालायची," ती म्हणाली, "त्याला नेफा लागंलच की. कापड दुमडून शिवावं लागतंय. तिरंगा काठीच्याच अंगाला हाय. मग ती तीन इंच नेफ्यात घ्या. दिसायचीच न्हाईत."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. दुसऱ्या दिवशी ते हेडक्लार्कला सांगत होते, "मी म्हटलं, नेफ्यात घ्या."

पण साहेबांनी एक चांगली गोष्टही केली, ती सांगितलीच पाहिजे, नाहीतर माझी लाज कमी होईल. नव्या दवाखान्यात चादरी, गाऊन, पडदे शिवायला शिंप्याची एक कायम जागा निघाली होती. साहेब म्हणाले, "बाई, काम नीट करा. मी दवाखान्याच्या साहेबांना लिहितो. त्यांना हात पाहिजे, आणि हात तुमच्याकडे आहे." जाताना तिनं दाराबाहेर हातावरची धूळ झटकली, पुन्हा पुन्हा झटकली. खडी फोडणाऱ्या बाईला कायमची नोकरी. तिच्यासाठी तो झेंडा म्हणजे एवढं होतं. मला हे पूर्ण माहीत होतं. पुढं मी जसा वागलो, तो हे माहीत नव्हतं म्हणून, असं म्हणता येत नाही.

आता माझी चूक सांगतो. ती माझ्या धंद्यातल्या माणसालाच करता येते.

मी ट्रेसिंगवर झेंडा शाईनं काढला. वेळ नव्हता म्हणून रंगांची नावं, मापं, मथळा, काहीच अजून लिहिलं नव्हतं, नुसती आकृती. प्रिंट काढायची रीत अशी, काचेच्या चौकटीत ट्रेसिंग आणि खाली रसायन लावलेला कागद ठेवायचा, ते उन्हात धरायचं, मग तो कागद अमोनियाच्या पेटीत घालायचा. पेटी उघडली की डोळ्यांतून पाणी यायचं. त्या वर्षी लातुरात तेवढंच पाणी फुकट होतं. त्या दिवशी डोळे पुसत मी ट्रेसिंग पालथं घातलं. अक्षरं असती तर ती उलटी दिसली असती आणि पोरसुद्धा ओरडलं असतं. पण अक्षरं नव्हती. मधली पट्टी दोन्हीकडून सारखी. तिरंग्याचं केशरी वरच राहिलं. चक्राचे आरे कुठूनही चोवीसच. बदललं एवढंच की डावा कोपरा उजवा झाला. आणि मी त्या उलट्या प्रिंटवर लाल पेन्सिलीनं, सवयीप्रमाणं, डाव्या कडेला लिहिलं, दोरीची बाजू.

साहेबांनी सही करण्यापूर्वी चक्राचे आरे एकेक करून मोजले. चोवीस भरले. त्यांनी समाधानानं सही केली.

मी प्रिंट, कापड आणि तिरंगा घेऊन तिच्या घरी गेलो. पत्र्याची खोली, दारात मशीन. तिनं आधी अर्धा पेला पाणी आणून दिलं. मी ते घेतलं नाही. दुष्काळ आहे, कुणाच्या घरचं पाणी कशाला प्यायचं, असं मी मनाला सांगितलं. आमच्या घरी कुणाकडचं पाणी चालतं आणि कुणाकडचं नाही हे मला लहानपणापासून शिकवलेलं होतं, आणि दुष्काळानं मला एक सभ्य कारण दिलं. तिनं पेला परत आत नेऊन पाणी माठात ओतलं.

मग तिनं प्रिंट जमिनीवर पसरला आणि बराच वेळ बघितला.

"भाऊ, तिरंगा काठीच्या अंगाला म्हणला होतात ना तुमी?"

"हो."

"हितं तर पल्याडच्या टोकाला दावलाय. नेफा हिकडं. मग ती तीन इंच नेफ्यात कशी जायची? ती तर वाऱ्याच्या अंगाला उघडी पडतेत."

शेजारच्या दोन बाया दारात आल्या होत्या. माझ्याबरोबर कार्यालयाचा शिपाई होता, तो हसला. मी प्रिंटकडे पाहिलं असतं तर कळलं असतं. मी तिच्याकडे पाहिलं.

"बाई, हा साहेबांच्या सहीचा नकाशा आहे," मी म्हणालो. "नकाशा वाचायला मला शिकवू नका. नकाशात आहे तसं शिवायचं. डोकं चालवायचं नाही."

"न्हाई चालवत," ती म्हणाली. "जयंतीच्या झेंड्यावर चक्र मधी असतंय, तितं चुकायला जागा नसती. म्हणून इचारलं."

"उघडे पडतात तर पडू द्या तीन इंच."

"हाव. पडू द्या."

तीन दिवसांत तिनं झेंडा शिवून दिला. टाके असे की हात फिरवला तर बोटाला लागत नव्हते. पांढऱ्या किनारीचे चारही कोपरे धारदार. झेंडा आणि गुंडाळी केलेला प्रिंट मुकादमाच्या हाती तिनं माझ्याकडे पाठवला. झेंडा साहेबांकडे गेला. प्रिंट मी माझ्या खणात टाकला. मधल्या काळात मी ट्रेसिंगवर अक्षरं लिहिली होती, सुलट, सुंदर, आणि त्यावरून फाइलसाठी नवा प्रिंट काढून ठेवला होता. तो बरोबर होता. दोन्ही प्रिंट मी शेजारी ठेवून कधी पाहिले नाहीत.

पाहुण्यांच्या दिवशी सकाळी एक टँकर आला आणि पट्टीवर पाणी शिंपडू लागला, धूळ उडू नये म्हणून. खडी फोडणाऱ्या बाया कडेला उभ्या होत्या. एक म्हातारी कळशी घेऊन टँकरमागं चालत गेली. पोलिसानं तिला हटकलं नाही, फक्त हातानं बाजूला केलं, जसं शेळीला करतात. विमान उतरलं. छोटंसं होतं. पाहुणे उतरले, हार झाले, दुष्काळाची पाहणी जीपमधून करायला निघून गेले. झेंडा काठीवर होता, पण वारा नव्हता आणि तो ओल्या धोतरासारखा लोंबत होता. कुणालाच काही कळलं नाही.

मग दुपारी वारा सुटला. काठीजवळ निळं फडकू लागलं आणि तिरंगा दूर टोकाला शेपटासारखा हलू लागला, आणि त्याच्याही पुढे तीन इंच फिकट निळी झालर. वैमानिक सावलीत उभा राहून सिगारेट ओढत होता. विमानतळाचा खरा झेंडा आयुष्यात पाहिलेला त्या माळावर तो एकटाच. तो साहेबांना म्हणाला, "साब, ये कौनसे मुल्क का झंडा है?"

साहेबांचा चेहरा मी त्यानंतर कधी विसरलो नाही. झेंडा पाच मिनिटांत उतरवला गेला. पाहुणे परत आले तेव्हा रिकामी काठी होती आणि त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीत मी, हेडक्लार्क आणि ती बाई. मी ट्रेसिंग आणि फाइलमधला प्रिंट टेबलावर ठेवला. दोन्हींत तिरंगा काठीजवळ. ते टेबलावर ठेवतानाच, साहेब काही बोलायच्या आधी, मला उमगलं की काय झालं असेल. अमोनियाचा वास आला, खरंच आला. खणात दुसरा प्रिंट होता. खोली आणि खण यांत वीस पावलांचं अंतर होतं.

"नकाशा तर बरोबर आहे," साहेब म्हणाले. "बाई, हे काय केलंत?"

"नकाशात व्हतं तसं केलं, साहेब."

"हा नकाशा आहे. यात तसं नाही."

"ह्यो न्हाई. मला दिलेला येगळा. तुमची सही व्हती. म्या भाऊला परत पाठवला." ती माझ्याकडे वळली. "भाऊ, दावा की."

"माझ्याकडे नाही आला," मी म्हणालो.

हेडक्लार्क खिडकीतून बाहेर पाहत म्हणाले, "साहेब, तुम्हाला इकडचं ठाऊक नाही. मुद्दाम केलं असेल. यांना निळा पुढं पाहिजे, तिरंगा मागं."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या विश्वासातला माणूस, रेषा न हलवणारा. "काय रे? असं असेल?"

"असेल," मी म्हणालो.

एकच शब्द. त्यावर मी पुढं कितीदा विचार केला. "नाही" म्हणायला तेवढाच श्वास लागतो.

ती खूप बोलेल, रडेल, मुकादमाला बोलवा म्हणेल, असं मला वाटलं. तसं म्हणाली असती तर मी उघडा पडलो असतो. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटतं त्याच वेळी तिला सगळं कळलं. प्रिंट कसा उलटा झाला ते नव्हे, मी कसा आहे ते.

"म्हंजे मी जाऊ?" तिनं विचारलं.

साहेबांनी दवाखान्याला चिठ्ठी लिहिली नाही. लिहिली असंही काही लोक म्हणत, पण वेगळीच. शिंप्याची जागा एका कंत्राटदाराच्या साडूला मिळाली, ज्याला काज करता येत नव्हतं. आणि "निळा पुढं, तिरंगा मागं" हा किस्सा चहाच्या गाड्यांवर गेला. जिल्हा नवा होता, त्याला स्वतःचे किस्से हवे होते. मी तो देगलूरच्या बसमध्ये ऐकला, उदगीरला एका लग्नात ऐकला. सांगणाऱ्यानं हसत सांगितला आणि मीही हसलो. प्रत्येक वेळी तिच्यावर नव्यानं आळ येत होता आणि प्रत्येक वेळी मी तिथं हजर होतो.

तो प्रिंट मी फाडला नाही. फाडायला धीर लागतो, जपायलाही लागतो. मी दोन्हींच्या मधलं केलं, लपवला. बदली नांदेडला झाली, किनवटला झाली, परत लातूरला. प्रत्येक बदलीत तो लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात माझ्याबरोबर आला. बायकोनं एकदा विचारलं, हे कसलं चित्र? म्हणालो, विमानतळाचं. ती म्हणाली, आपल्याला विमानाचं काय? पुढं नोकरीत मी एकही रेष चुकवली नाही. लोक त्याला निष्ठा म्हणत. मी भेदरलेला होतो.

लातूरला आगगाडीनं पाणी आलं त्या वर्षी मी तिच्याकडे गेलो. का त्याच वर्षी, ते सांगता येत नाही. गल्लीत रिकाम्या घागरींची रांग पाहिली आणि पाय वळले. ती त्याच वस्तीत होती, पण आता पक्कं घर. एक मुलगी शिक्षिका झाली होती. ती स्वतः अजून शिवत होती, परकर, ब्लाउज, आणि जयंतीला झेंडे. चष्मा जाड. मला तिनं ओळखलं. या वेळी तिनं पाणी विचारलं नाही.

मी प्रिंट पिशवीतून काढून तिच्यापुढं ठेवला. अमोनियाचे प्रिंट उन्हानं उडतात, पण अंधारात ठेवलेला टिकला होता. साहेबांची सही, माझी लाल पेन्सिल. तिनं तो उचलला, दाराच्या उजेडात धरला आणि मागच्या बाजूनं पाहिला. उजेडातून रेषा पलीकडून दिसल्या, तिरंगा डावीकडं आला.

"पालता छापलाव," ती म्हणाली. जसं एखाद्या शिकाऊ पोरीला म्हणावं, तुझा काज उलटा झालाय.

"हो. आणि मग खोटं बोललो. मी माफी मागायला..."

"कामून?"

मी पुन्हा प्रिंटकडेच बोट केलं.

"भाऊ, मला कशाला सांगायलाव? मला तर त्या दिवसापासून म्हाईत हाय. ज्यांला म्हाईत न्हाई त्यांला सांगा की. हापिसात सांगा. ज्यांनी चहा पीत पीत सांगितलं, त्यांला सांगा." ती प्रिंट पुन्हा गुंडाळू लागली, तेव्हाही कडा नीट जुळवून. "पोरी शाळेत होत्या माज्या. पोरं म्हणायची, तुजी आई तिरंगा मागं लावणारी. थोरली भांडून यायची. धाकटी भांडायची न्हाई. ती बोलायचीच बंद झाली वर्षभर. तिला सांगताव का? ती पुण्याला असती."

मी म्हणालो, सांगतो. तिनं पत्ता दिला नाही. प्रिंट मात्र माझ्या हातात परत दिला. "ह्यो तुमचा हाय. मला नको."

सांगायला मला आणखी दोन वर्षं लागली. निवृत्तीच्या निरोप समारंभापर्यंत मी थांबलो, म्हणजे पेन्शनचे कागद मंजूर झाल्यावर बोललो, हेही लिहून ठेवतो. शाल, श्रीफळ झालं. चौघे माझ्या नीटनेटकेपणावर बोलले. मग मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. पालथं ट्रेसिंग, लाल पेन्सिल, खण, "असेल". प्रिंट उलगडून दाखवला. सुरुवातीला लोक हसले, वैमानिकाच्या वाक्याला तर टाळ्या पडल्या. मग शांत झाले. मला वाटलं, झालं.

खाली आलो तर जुने हेडक्लार्क, आता काठी टेकत चालणारे, त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"तुमचं मन फार मोठं," ते म्हणाले. "त्या बाईचा दोष जाता जाता स्वतःच्या अंगावर घेतलात. असं कोण करतं आजकाल?"

"अहो, दोष माझाच होता. प्रिंट दाखवला ना."

"दाखवलात ना," ते म्हणाले, आणि हसून माझ्या खांद्यावर थोपटलं. "तुमच्यासारख्या ड्राफ्ट्समनला असा एक प्रिंट काढायला किती वेळ लागतो? मला शिकवता होय?"

बाजूचे दोघं-तिघं मान हलवत होते. पंधरा दिवसांत मला कळलं की चहाच्या गाडीवर आता किस्सा लांबला आहे. निळा पुढं, तिरंगा मागं, आणि शेवटी एक थोर मनाचा ट्रेसर.

म्हणून मी इथं सगळी मापं दिली आहेत. माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका, त्याची किंमत मीच घालवली आहे. पण एक पातळ कागद घ्या, त्यावर नऊ बाय सहाचा चौकोन आखा, मधोमध एक फुटाच्या पट्ट्या काढा, डाव्या वरच्या कोपऱ्यात तीस बाय पंचेचाळीस इंचांचा तिरंगा बसवा. जे तीन इंच उरतील ते डाव्या कडेला ठेवा, नेफ्यासाठी. मग कागद पालथा करून उजेडात धरा आणि डाव्या कडेला दोरी लावा. आता शिवणारीला विचारा, ते तीन इंच कुठं गेले. ते तिनं मला झेंडा शिवायच्या आधीच विचारलं होतं, शिपायादेखत, दोन शेजारणींदेखत. मुद्दाम करणारं माणूस आधी विचारत नाही.